डिस्क विकत घेण्याआधी: आवडत्या सिनेमाची ‘अखेरची’ आवृत्ती कशी पारखावी

दर पाच-सात वर्षांनी तोच सिनेमा नव्या खोक्यात येतो. आधी व्हीएचएस, मग व्हीसीडी, डीव्हीडी, ब्लू-रे आणि आता ४के. प्रत्येक खोक्यावर ‘अल्टिमेट’, ‘डेफिनिटिव्ह’, ‘कलेक्टर्स’ असलं काहीतरी छापलेलं असतं आणि प्रत्येक वेळी आपण खिशात हात घालतो. खरं तर चाहत्याचं मागणं साधं आहे: सिनेमा थिएटरात लागला तेव्हा जसा होता तसा हवा, अख्खा हवा, आणि तो तसाच आहे हे पडताळायला काहीतरी सोबत हवं. ‘आणखी चकचकीत’ हवा, हे आपण कधी म्हटलं नव्हतं. ते जाहिरातवाल्यांनी आपल्या तोंडी घातलं.

खालच्या पायऱ्या महत्त्वाच्या क्रमाने लावल्या आहेत. घाईत असाल तर पहिल्या तीन तरी वाचाच, कारण पैसे वाया जातात ते बहुधा तिथेच.

पायरी १: हा नेमका कोणता कट?

एकाच नावाखाली दोन-तीन वेगळे सिनेमे विकले जातात, हे पुष्कळांच्या गावी नसतं. ‘स्टार वॉर्स’ हे याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. १९७७ साली आलेल्या या सिनेमात १९९७च्या ‘स्पेशल एडिशन’साठी जॉर्ज लुकासने संगणकावर बनवलेले प्राणी घातले, काही दृश्यं नव्याने जोडली. मूळ सिनेमात मद्यालयातल्या प्रसंगात हान सोलो हा नायक त्याला पकडायला आलेल्या, समोर बसलेल्या ग्रीडोला सरळ उडवतो. नव्या आवृत्तीत ग्रीडो आधी झाडतो आणि मग हान. पात्राचा स्वभावच बदलला! चाहते आजही त्यावरून भांडतात. त्याच प्रसंगात २००४च्या डीव्हीडीला पुन्हा हात फिरला आणि २०१९ला स्ट्रीमिंगवर येताना आणखी एकदा.

मूळ कट घरी मिळालाच नाही असंही नाही. २००६मध्ये तो डीव्हीडीवर जादा डिस्क म्हणून आला, पण १९९३च्या लेझरडिस्कसाठी (डीव्हीडीच्या आधीची मोठी तबकडी) केलेल्या मास्टरवरून, म्हणजे ज्यावरून डिस्क काढतात त्या प्रतीवरून. आजच्या रुंद टीव्हीवर लावला तर चित्र मधोमध आखडून बसतं आणि चारही बाजूंना काळं. लोकांनी वैतागून थिएटरांच्या जुन्या प्रिंट मिळवल्या आणि स्वतः स्कॅन केल्या. कायद्यात ते बसत नाही, पण अशी वेळ का आली ते समजतं. जून २०२५मध्ये लंडनला बीएफआयच्या (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) महोत्सवाची सुरुवात १९७७च्या मूळ टेक्निकलर प्रिंटने झाली. म्हणजे तो सिनेमा पाहायचा तर लंडनला जाऊन, आणि तेही महोत्सवात.

उलट बाजूला ‘ब्लेड रनर’. २००७च्या मोठ्या संचात पाच आवृत्त्या दिल्या: वर्कप्रिंट (प्रदर्शनाआधीची कच्ची प्रत), १९८२ची अमेरिकी, १९८२ची आंतरराष्ट्रीय, १९९२चा डायरेक्टर्स कट आणि रिडली स्कॉटचा फायनल कट. दिग्दर्शकाला शेवटचा आवडतो, तुम्हाला १९८२चा निवेदनवाला आवडत असेल, तर दोघंही खूश. माझ्या मते हाच मापदंड धरावा. दिग्दर्शकाला आपल्या कामावर पुन्हा हात फिरवायचा हक्क आहे. पण लोकांनी तिकीट काढून जे पाहिलं ते नाहीसं करण्याचा नाही.

‘शोले’च्या बाबतीत हाच पेच उलटा आहे. १९७५ साली, आणीबाणीत, सेन्सॉरने शेवट बदलायला लावला. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारतो. थिएटरात मात्र ऐन वेळी पोलीस पोहोचले. २०२५मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्सच्या साथीने केलेलं रिस्टोरेशन (जुन्या फिल्मची दुरुस्ती) इटलीत बोलोन्याला दाखवलं गेलं, ते मूळ शेवटासह. ते हवंच होतं. तरीही घरच्या डिस्कवर पोलीसवाला शेवटही असावा असं मी म्हणेन, कारण मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षं लोकांनी जो ‘शोले’ पाहिला तो तोच.

प्रत्यक्षात काय करायचं? खोक्याच्या मागे छापलेली लांबी मिनिटांत वाचा आणि थिएटरातल्या लांबीशी ताडा. पण फरक दिसला की लगेच ‘कापला’ म्हणून ओरडू नका. युरोपात आणि आपल्याकडे चालणाऱ्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी, म्हणजे सुटी चित्रं, धावतात, त्यामुळे १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो. कापलेलं काही नसतं, फक्त सगळे जरा घाईत असतात आणि आवाज किंचित चढा लागतो. कान तयार असेल तर गाण्यात हा फरक लगेच टोचतो. ब्लू-रेवर बहुतेक सिनेमे २४ चौकटींनीच येतात, म्हणून तिथे लांबी जुळायला हवी.

पायरी २: स्कॅन कशावरून केलं?

कॅमेऱ्यातून निघते ती मूळ निगेटिव्ह. तिच्यावरून इंटरपॉझिटिव्ह, त्यावरून डुप्लिकेट निगेटिव्ह आणि त्यावरून थिएटरात जाणारी प्रिंट. प्रत्येक पिढीत तपशील गळतो आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढत जातो. म्हणून ‘मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून ४के स्कॅन’ या वाक्याला वजन आहे आणि ‘डिजिटली रिमास्टर्ड’ला फारसं नाही. दुसऱ्यात कुठून, कधी, कोणी, यातलं काहीच सांगितलेलं नसतं. खोक्यावरचा ‘४के’ शिक्का फक्त चित्राचं माप सांगतो. २००० नंतरच्या दशकातले कित्येक सिनेमे मुळात संगणकावर २के मापात पूर्ण झाले होते. त्यांची ४के डिस्क म्हणजे तेच चित्र मोठं केलेलं. वाईट असतं असं नाही, पण काय घेतोय ते कळून घ्यावं.

या बाबतीत सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची कहाणी (१९५५, १९५६, १९५९) प्रत्येक संग्राहकाला ठाऊक असायला हवी. रिस्टोरेशनसाठी निगेटिव्ह लंडनच्या हेंडरसन लॅबोरेटरीत पाठवल्या होत्या आणि १९९३मध्ये तिथे आग लागली. जळक्या, आखडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या रिळी कुठल्याही यंत्रात बसेनात. तरी अमेरिकेच्या ऑस्करवाल्या अकादमीच्या संग्रहालयाने त्या टाकून दिल्या नाहीत, नुसत्या सांभाळल्या. वीस वर्षांनी निवडक सिनेमे डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीने त्या बोलोन्याच्या ‘लिमाजिने रित्रोवाता’ प्रयोगशाळेत नेल्या. तिथे फिल्मला पुन्हा ओलावा देऊन ती लवचिक केली, तुटलेली कड आणि कडेची भोकं हातांनी बांधली. असे सुमारे हजार तास गेले. ‘पथेर पांचाली’चा साधारण ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून जास्त भाग मूळ निगेटिव्हवरून मिळाला. ‘अपूर संसार’च्या निगेटिव्हचं जे काही वाचलं ते वापरण्याजोगं नव्हतं; तो सिनेमा ठिकठिकाणच्या संग्रहालयांतल्या मास्टर आणि डुप्लिकेट प्रतींवरून उभा केला.

हे सगळं २०१५च्या डिस्कसोबत सांगितलेलं आहे, आणि त्यातच खरी गोम आहे. निगेटिव्ह जळाली असेल तर जळाली म्हणा. चाहता समजून घेतो. दोन स्रोतांच्या सांध्यावर चित्र जरा मऊ झालं तर तो कंपनीला शिव्या देत नाही, कारण त्याला कारण माहीत असतं. लपवाछपवी केली की मात्र एकेका चौकटीवर संशय घेतो. म्हणून पुस्तिकेत किंवा डिस्कच्या सुरुवातीला स्रोत, स्कॅन, रंग कोणी पास केले याची टीप आहे का, ते आधी पाहा. ती नसेल तर घाई करू नका.

पायरी ३: ग्रेन, रंग आणि चौकट

जुना सिनेमा पाहताना चित्रावर बारीक वाळूसारखी सळसळ दिसते, तो ग्रेन. ती घाण नव्हे. फिल्मवरचं चित्रच मुळी त्या कणांचं बनलेलं असतं. कण पुसले की त्यांच्यासोबत गालावरची लव, सुती कापडाची वीण, भिंतीचा खरखरीतपणा सगळं जातं. ‘प्रेडेटर’ची २०१०ची ब्लू-रे यासाठी बदनाम आहे. जंगलात घामाघूम झालेले सैनिक तिथे मेणाचे पुतळे दिसतात. २०२४मध्ये जेम्स कॅमेरॉनच्या ‘एलियन्स’ आणि ‘ट्रू लाइज’च्या ४के डिस्क आल्या तेव्हा वाद पुन्हा पेटला, कारण आता संगणक नुसता पुसत नव्हता, नसलेला तपशील स्वतः भरत होता. दिग्दर्शकानेच हे मंजूर केलं होतं. मला तरी ते चित्र पटत नाही.

पारखायचं कसं? बाजूने उजेड पडलेला एखादा क्लोजअप शोधा, शक्यतो दाढीचे खुंट वाढलेल्या नटाचा. चित्र थांबवा आणि एकेक चौकट पुढे सरका. ग्रेन खरा असेल तर प्रत्येक चौकटीत कणांची मांडणी वेगळी दिसते. कण जागच्या जागी गोठलेले दिसले, किंवा नट मान वळवतो तेव्हा गाल गुळगुळीत होतो आणि थांबला की खुंट परत येतात, तर तिथे सफाईचं सॉफ्टवेअर जोरात चाललंय. मग उजळ आकाशासमोर उभा असलेला गडद कोट पाहा. कडेने पांढरी रेघ दिसली तर ती कृत्रिम धार आहे. पुसून गेलेला तपशील परत आल्याचा भास करायला काढलेली.

पण डिस्कला दोष देण्याआधी टीव्ही तपासा. नव्या टीव्हीत नॉइज रिडक्शन आणि मोशन स्मूदिंग दुकानातूनच चालू येतं आणि चांगल्यातला चांगला सिनेमा मालिकेसारखा दिसतो. दोन्ही बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावा, नसेल तर ‘सिनेमा’.

रंगासाठी पांढऱ्या वस्तू पाहा: बर्फ, सदरा, दात. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या भागाच्या विस्तारित आवृत्तीची ब्लू-रे २०११मध्ये आली तेव्हा बर्फावर हिरवट-निळसर झाक होती आणि आधीची डीव्हीडी जपून ठेवलेल्यांनी ती पहिल्याच दिवशी पकडली. ‘द मेट्रिक्स’ला तर नंतरच्या आवृत्त्यांत हिरवा रंग इतका चढवला, की सिनेमा पहिल्यापासून तसाच होता असं एका पिढीला वाटतं. २०१८च्या ४केवर सिनेमॅटोग्राफर बिल पोप यांनी स्वतः लक्ष घातलं आणि रंग मूळ प्रिंटच्या जवळ आले. म्हणून जुनी डिस्क नवी आल्या आल्या विकू नका. ताडून पाहायला तीच उपयोगी पडते.

परीक्षणांसोबत येणारी स्थिरचित्रं बघताना एक लक्षात ठेवा. एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारं) चित्र साध्या संगणकावर मरगळलेलं दिसतं. त्यावरून डिस्क फिकी आहे असं ठरवू नका.

आणि चौकट, म्हणजे पडद्यावरच्या चित्राचा आकार. ‘काळ्या पट्ट्या येतात, पूर्ण स्क्रीन भरत नाही’ ही तक्रार आपल्याकडे अजून ऐकू येते. पट्ट्या असणं हे बहुतेक वेळा चित्र शाबूत असल्याचं लक्षण आहे. पडदा भरायचा तर वरचं-खालचं किंवा बाजूचं चित्र कापावं लागतं. १९५० आधीचे बहुतेक सिनेमे जवळपास चौकोनी, उंचीच्या १.३७ पट रुंदीचे, त्यांना डावी-उजवीकडे काळं आलंच पाहिजे. तसला सिनेमा तुमच्या रुंद टीव्हीवर काठोकाठ भरलेला दिसला तर कोणाच्या तरी डोक्यावरचा फेटा कापला गेलाय.

पायरी ४: आवाज

इथे फार कमी लोक लक्ष देतात, म्हणून कंपन्याही देत नाहीत. नियम एकच: सिनेमा ज्या आवाजात प्रदर्शित झाला तो ट्रॅक डिस्कवर हवा. मोनो (एकाच वाहिनीचा आवाज) असेल तर मोनो. नवीन ५.१ (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा) सोबत खुशाल द्या, पण त्याच्या जागी नको.

‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ १९६६चा. २००३मध्ये त्यात जुनी गाळलेली दृश्यं परत जोडली, तेव्हा त्यांचं इंग्रजी डबिंग नव्हतंच. मग सत्तरी ओलांडलेला क्लिंट ईस्टवूड आणि त्याहून वयस्क एलाय वॉलाक यांनी स्टुडिओत येऊन आपल्याच तरुण चेहऱ्यांना आवाज दिले. तिसरा नट ली व्हॅन क्लीफ १९८९मध्येच वारला होता, त्याच्यासाठी दुसरा माणूस आणला. त्याच वेळी ५.१ मिश्रणात बंदुकांचे बारही बदलले. दिग्दर्शक सेर्जो लिओनेच्या सिनेमातली गोळी जरा नाटकीच वाजायची, ती गंमत गेली. सराईत कानाला हा फरक पहिल्या गोळीतच कळतो.

आपल्याकडच्या जुन्या हिंदी डीव्हीडींवर ‘५.१’ म्हणजे पुष्कळदा मोनो आवाजाला घुमारा लावून पाच स्पीकरांत पसरवलेला असतो. मधला स्पीकर सोडून बाकीच्यांना कान लावा. संवादच घुमून येत असतील तर समजा. ‘शोले’ची गोष्ट वेगळी. तो ७० मिमीत, स्टिरिओफोनिक आवाजात लागला होता. जयने फेकलेलं नाणं कुठे पडलं म्हणून लोक खुर्च्यांखाली वाकून बघायचे, असं सांगतात. तिथे अनेक दिशांचा आवाज हाच मूळ आवाज.

पायरी ५: सबटायटल आणि जादा ऐवज

सबटायटल हवेत, ते बंद करता यायला हवेत आणि गाण्यांचेही हवेत. संवाद सुरू असताना इंग्रजी ओळी आणि गाणं लागलं की शांतता, हा भारतीय डिस्कचा जुना रोग. न्यू जर्सीत वाढलेल्या भाच्याला अभंग ऐकू येतो, कळत नाही. ज्या सिनेमात अर्धी गोष्ट पदांतूनच पुढे सरकते तिथे तो काय बघणार?

जादा ऐवजात माझं मत ठाम आहे: तासभराची एक चांगली कमेंटरी वीस तुकड्या-तुकड्यांच्या मुलाखतींहून मोलाची. पोस्टकार्डं, धातूचा डबा, नटाच्या सहीची नक्कल यांवर पैसे घालू नका. आधीच्या डिस्कवरचा सगळा मजकूर नव्यात आलाय का, हे मात्र यादी घेऊन तपासा. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे चित्रीकरणाविषयीचे लांबलचक माहितीपट लोकांना सिनेमाइतकेच प्रिय, आणि डिसेंबर २०२०च्या ४के संचात ते नव्हते. ज्यांनी जुने संच रद्दीत दिले ते हळहळले.

पायरी ६: रीजन आणि जागा

हे झटपट. रीजन म्हणजे डिस्क कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालेल याचा कोड. डीव्हीडीत भारत रीजन ५, ब्लू-रेत रीजन सी. अमेरिकेची ब्लू-रे रीजन ए, ब्रिटनची बी. कोड लावलेला असेल तर इथल्या साध्या प्लेअरवर ती चालणार नाही. ४के अल्ट्रा एचडी डिस्कना रीजन कोड नसतो, पण त्याच खोक्यातल्या ब्लू-रेला असू शकतो. बाहेरून मागवणार असाल तर डाकखर्च आणि सीमाशुल्क धरून किंमत काढा. कधीकधी डिस्कहून तेच जड होतं.

जागेचाही विचार करा. साध्या ब्लू-रेत २५ किंवा ५० जीबी मावतात, ४केत ५०, ६६ किंवा १००. साडेतीन तासांचा सिनेमा आणि वर चार तासांचे माहितीपट एकाच डिस्कवर कोंबले असतील तर धूर, पाऊस, पाण्याचे तुषार अशा दृश्यांत चौकोन फुटलेले दिसतील. सिनेमाला स्वतंत्र डिस्क असेल तर समजावं की कोणीतरी विचार केला आहे.

पायरी ७: पार्सल आल्यावर

परत करायची मुदत संपायच्या आत डिस्क पूर्ण चालवून बघा. फक्त सुरुवात नको. बिघाड बहुधा शेवटच्या भागात किंवा थरबदलाच्या जागी (डिस्कच्या एका थरावरून दुसऱ्यावर वाचन जातं तिथे) निघतो. डिस्क उजेडात तिरपी धरून ओरखडे, कडेचे डाग बघा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, कारण डिस्कच्या आधी आतली पुस्तिका बुरसटते. खोके उभे ठेवा, एकावर एक रचू नका.

मराठीचं काय?

इथे वरच्या सगळ्या पायऱ्या लावायला डिस्कच मिळत नाही. बहुतेक जुने मराठी सिनेमे लोकांकडे आहेत ते व्हीसीडीवर, म्हणजे ३५२ बाय २८८ ठिपक्यांत, दोन-तीन डिस्कमध्ये तोडून, कोपऱ्यात कंपनीचा शिक्का आणि मधली गाणी गाळलेली. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ला (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवात मान मिळाला; अपूला मिळाली तशी डिस्क त्याला मिळावी, एवढी अपेक्षा गैर नाही. जानेवारी २००३मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट (जुन्या, चटकन पेटणाऱ्या) फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातचा मूळ ऐवज त्यात गेला. म्हणजे पायरी दोनमधला प्रश्न, ‘स्कॅन कशावरून?’, इथे पहिलाच ठरतो.

त्यात वाचकाच्या हातात असलेली एक गोष्ट आहे. सांगली-साताऱ्याकडे कोणाच्या घरी तंबू थिएटरच्या काळातले फिल्मचे डबे माळ्यावर पडलेले असतात. ते भंगारात घालू नका. डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर फिल्म कुजायला लागली आहे. ती बाकीच्या डब्यांपासून वेगळी, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. १९५०च्या आधीचा डबा असेल तर आत नायट्रेट असू शकतं. ते भडकतं आणि पाण्यानेही विझत नाही, तेव्हा जवळ काडी-उदबत्ती नको, उन्हात वाळवणं नको. प्रोजेक्टरवर चढवून बघायचा मोह आवरा. आखडलेल्या फिल्मची भोकं एका फेरीत फाटतात. डब्यावर काय लिहिलंय त्याचा फोटो काढा, किती रिळी आहेत ते मोजा आणि पुण्याच्या संग्रहालयाला किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला कळवा. सगळ्या रिळी नसल्या तरी कळवा. अपूचे सिनेमे अशाच ठिकठिकाणच्या तुकड्यांतून जुळले.